राणीच्या गालावरचा करवतकाठ

राजकोट,
दसऱ्यानंतरचा पहिला रविवार

प्रिय दामिनी,

आधी निकाल सांगून टाकतो, म्हणजे पुढचं तू धीरानं वाचशील. रुपया खरा निघाला. त्याच्यावरचा रंगही खरा निघाला, आणि तोही कोपऱ्यात कुजबुजून नाही, भरल्या हॉलमध्ये, माईकवर. "नैसर्गिक रंगाची नाणी, पहिला क्रमांक, गिरजाबाई टेकचंद सेलोकर, वरठी, जिल्हा भंडारा." आईचं नाव असं सगळं, बाबांच्या नावासकट, गावासकट मी शाळेच्या दाखल्यावरसुद्धा कधी नीट वाचलं नव्हतं. ते राजकोटच्या हॉलमध्ये एका गुजराती बाईनं वाचलं, आणि माझ्या बाजूला बसलेल्या कारखान्यातल्या पिंटूनं अशी शिट्टी मारली की पुढच्या रांगेतले दोन शेठ मागे वळून पाहायला लागले. पिंटू त्यांना म्हणाला, "क्या देखते हो, हमारे गाँव का रुपया है." तो तुमसरचा आहे, वरठीचा नाही, पण असू दे. जिंकलेल्या रुपयाला दोन गावं असली तर काय बिघडते.

हे फोनवर सांगता आलं असतं. पण फोनवर मी कसा बोलतो ते तुला ठाऊक आहे, अर्धं सांगतो आणि उरलेल्या अर्ध्यात भांडतो. आणि मे महिन्यापासून आपल्या दोघांचा फोन बंदच आहे. मी एकदा लावला, तू उचलला नाहीस, मग मी परत लावला नाही आणि तूही लावला नाहीस. म्हणून आज सुटीच्या दिवशी बोटं घासून धुतली (कितीही घासली तरी आमच्या कामाचा काळा रंग नखांतून निघत नाही, कागदावर डाग दिसले तर समजून घे) आणि बसलो. आठवीत शाळा सोडलेल्या माणसाचं पत्र आहे. शाळेतली मराठी आठवून आठवून लिहितो, मधून आपली बोली घुसली तर घुसू दे.

तुला रक्षाताईच्या घरचा तो पहिला दिवस आठवते का? माझी ही चुलत बहीण अड्याळला तुमच्या शेजारी दिली म्हणून तर आपली गोष्ट निघाली. मी खाटेवर बसलो होतो, सगळे मोठे बोलून राहिले होते, पिकाचं, पावसाचं, मी कुठे काम करतो त्याचं. ताई सांगत होती की पोरगा आधी नागपूरला होता, मग हैदराबादला फरशीच्या कामावर, मग सुरतला, आता राजकोटला चांदीच्या कारखान्यात. मला ते ऐकताना वाटत होतं की हा कोण भटका माणूस आहे, याला कोण मुलगी देईल. आणि तू चहाचा कप पुढे धरून पहिलं वाक्य बोललीस ते हे, "तुमचा पाय काहून हालून राह्यला? खाट मोडन." सगळे हसले. मी पाय थांबवला, आणि खरं सांगतो, आयुष्यात पहिल्यांदा मला कोणाच्या सांगण्यानं पाय थांबवावासा वाटला. थोड्या वेळानं तो परत हलायला लागला, ती वेगळी गोष्ट.

मग साक्षगंध ठरलं. आमच्या घरचा तो रुपया तुला फोनवर मी किती वेळा सांगितला असेल. पणजीच्या लुगड्याच्या काठाचा तुकडा, त्यात गाठ मारलेला इंग्रजांच्या वेळचा चांदीचा राणी छाप रुपया, आणि तो ठेवायचा बांबूच्या, शेणमातीनं लिंपलेल्या ढोलीच्या तळाशी. वरून नवा धान ओतायचा. ढोली रिकामी झाली की गाठोडं काढायचं, देवाजवळ ठेवायचं, नवा धान आला की परत तळाशी. बाकी सगळ्या गावात दिवाळीला चांदी काढून चिंचेनं, राखेनं घासघासून पांढरी करतात. आमच्या या रुपयाला मात्र पाणी लावायचं नाही. आई म्हणते, त्याला पाणी लागलं की धानाची बरकत वाहून जाते. गाठही सोडायची नाही. सोडायची ती एकदाच, घरात सून येणार असली की, तिच्या माणसांसमोर. तो रुपया तिच्या पदरात टाकायचा आणि लग्नानंतर तिनं आपल्या हातानं गाठ मारून ढोलीत ठेवायचा. म्हणजे माझ्या आईनं तो पाहिला तो तिच्या साक्षगंधापासून लग्नापर्यंत, आणि त्यानंतर थेट तुझ्या अंगणात.

म्हणूनच तर तिला स्वतःलाच धक्का बसला. तिच्या आठवणीत तो नुसता पिवळट होता. आणि तुमच्या सतरंजीवर, सगळ्या बायांसमोर तिनं गाठ सोडली तर आतून निघाली मोराची मान. कडेला निळा, आत जांभळा, मग तांबूस, आणि मधे राणीच्या केसांवर मोहाच्या फुलासारखा पिवळा. मी तर पाहतच राहिलो. तुमच्याकडची कोणीतरी बाई म्हणाली, "इ बाई, रंगवला का काय हा?" आणि तुझे भैय्याजी मामा उठले.

मामांचं त्यांच्या जागी चूक नव्हतं, हे मी आज म्हणू शकतो. तुमसरच्या मंडीत तांदळाचा व्यापार सांभाळून जुनी नाणी जमवणारा माणूस, खिशात कायम भिंग. त्यांनी रुपया हातात घेतला, उलटा केला, सुलटा केला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "शिजवलेला हाये हा! मले शिकवता का? पोरगा चांदीच्या कारखान्यात गंधकाच्या पाण्यात पैंजणं काळे करते ना? त्यानंच शिजवला. पोरगी पाह्याले आले का भाव वाढवाले आले?" माझे बाबा काही बोलायच्या आत त्यांनी हाक मारली, "उषाबाई, चिंच आणा. घासून दाखवा. खरा असन तं पांढरा निघन." आणि तुझ्या मामी खरंच वाटीत चिंच कोळून घेऊन आल्या. तेवढ्यात मी तो रुपया त्यांच्या हातातून ओढून घेतला. लोकांना वाटलं, चोर पकडला गेला म्हणून पळून राहिला. दामिनी, मला तेव्हा बोलता आलं नाही, पण चिंचेचं मला रोजच्या कामातून ठाऊक होतं. चिंच खऱ्याखोट्याचा निवाडा करत नाही. खऱ्या रंगाला लावली तरी पांढरं, खोट्याला लावली तरी पांढरं. त्या वाटीत माझा रुपया निर्दोष ठरला नसता, नुसता उघडा पडला असता.

पुढचं तू पाहिलंच. पत्रावळी मांडलेल्या तशाच राहिल्या. आई रडली नाही, पण जीपमध्ये बसताना तिची चप्पल उलटी होती आणि तिला ते कळलं नाही.  वरठीला घराजवळ आल्यावर बाबा एवढंच बोलले, "रुपयाले काई झालं नाई ना?" आणि तू दारात उभी होतीस, चेहरा असा की मला काहीच वाचता आला नाही. तू मामांच्या बाजूची, की माझ्या, की दोघांनाही कंटाळलेली? तोच चेहरा मनात आणि तो रुपया खिशात घेऊन मी राजकोटला परत आलो.

इथलं काम तुला माहीत आहे. नवी पांढरी चांदी येते, आम्ही ती गंधकाच्या दवेत बुडवतो आणि जुनी करतो. लोकांना नवीन चांदी जुनी दिसलेली आवडते, त्यावर माझं पोट चालते. बुडवलं की आधी पिवळा येतो, मग तांबडा, मग जांभळा, निळा, आणि उचलायला उशीर झाला की काळा. म्हणजे आमच्या रुपयावर जे रंग होते ते सगळे माझ्या बादलीत रोज येत होते. मामांना संशय आला यात नवल काय! मला वाटलं, आपण एकदा शिजवूनच पाहू, किती सारखा दिसतो ते. पिंटूनं कुठून तरी ऐकलं होतं की उकडलेल्या अंड्यानंही चांदी रंगते. मग एका डब्यात चांदीचा गोल तुकडा आणि सोललेलं अंडं कोंडून ठेवलं. दुसऱ्या दिवशी डबा उघडला तर तुकडा असा निळा-जांभळा, की मी घाबरलो. पिंटू घाबरला नाही, त्यानं अंडं खाऊन टाकलं. दिवसभर त्याच्या जवळ कोणी बसलं नाही.

मी घाबरलो ते यासाठी की माझा स्वतःचाच विश्वास हलला. दोन्ही बाजूबाजूला ठेवले तर माझ्या डोळ्यांना फरक दिसेना. मला रंग शिजवता येतो, पण शिजवलेला ओळखता येत नाही, हे त्या दिवशी कळलं. मी आईला फोन लावला, "आई, खरं सांग, याले कोणी कधी काई लावलं का? धुरावर धरला, दवा लावली, काई?" तर ती अशी भडकली, "मी तुया बापाचा चाय कधी दुसऱ्यांदा उकळला नाई, रुपया कायले उकळू?" आणि फोन ठेवला. मला हसू आलं आणि धीरही आला.

आमच्या शेठच्या ओळखीत हर्षदाबेन म्हणून एक बाई आहेत, जुन्या नाण्यांच्या प्रदर्शनात परीक्षक असतात. केस सगळे पांढरे, आवाज मास्तरणीसारखा. मी रुपया शर्टाच्या खिशातून काढून अंगठ्यानं धरून त्यांच्यापुढे केला, तर पहिलाच ओरडा बसला, "अंगूठा हटा! रानी के मुँह पर अंगूठा रखते हैं क्या?" नाणं कडेनं धरायचं असतं, हेही मला माहीत नव्हतं. मी दोन्ही ठेवले, आमचा रुपया आणि अंड्याचा तुकडा. त्यांनी अंड्याचा तुकडा पाहून मान डोलावली, म्हणाल्या, वाईट नाही शिजवलास. मग मला दिव्याखाली बसवून दाखवलं. आपला रुपया त्यांनी हळूहळू तिरपा केला, तर रंगांच्या आतून एक चमक चाकासारखी फिरत गेली, जशी नव्या नाण्यावर फिरते. तुकड्यावर तसं काहीच फिरेना. तिथे रंग वर बसला होता, साईसारखा, आणि खाली सगळं मुकं. आपल्या रुपयावर पिवळ्यातून निळ्यात जाताना मधले सगळे रंग पायरीपायरीनं होते. तुकड्यावर निळ्याला लागून एकदम पांढरं. आणि भिंगातून पाहिलं तर आपल्या रुपयाच्या उठलेल्या अक्षरांच्या कुशीत, जिथे हवा कमी पोचते, तिथे रंग फिका होत गेलेला, आपण झाडाखाली पडलेलं वाळलेलं पान उचललं की खालचं गवत कसं फिकं दिसते, तसा. अंड्याला अक्षर कळत नाही, बाई म्हणाल्या, ते सगळ्यांना सारखं रंगवते.

मी आनंदानं उठायलाच लागलो होतो, तर त्या म्हणाल्या, "बैठ. एक दिक्कत है." राणीच्या गालावरून मानेपर्यंत त्यांना एक रेघ दिसत होती, बारीक बारीक दात्यांची, एकसारखी. त्या म्हणाल्या, असे मोजून कापल्यासारखे दाते निसर्ग काढत नाही. कोणीतरी कागदाचा साचा ठेवून रंगवलं असावं. बाकी सगळं खरं वाटते, पण ही रेघ असेपर्यंत मी याला नैसर्गिक म्हणणार नाही. त्यांच्याकडे शंका असलेल्या नाण्यांचा वेगळा ट्रे होता. त्यांनी माझ्या डोळ्यांसमोर आपला रुपया त्या ट्रेकडे सरकवला. मामांनी ओरडून जे केलं ते या बाईनं शांतपणे केलं, आणि ते जास्त लागलं. मी विचारलं, कसली रेघ, मला तर दिसत नाही. त्यांनी पेन्सिल घेतली आणि कागदावर ती मोठी करून काढली.

दामिनी, मी तो कागद पाहिला आणि उभाच राहिलो. करवतकाठ! आपल्याकडच्या लुगड्याला असतो तोच, करवतीच्या दात्यांचा. पणजीच्या लुगड्याचा काठ. रुपया त्यात बांधलेला होता, वरून धानाचं ओझं, बाजूला शेणमातीचा दमट वास. जिथे काठाचा जाड धागा टेकला तिथे रंग कमी चढला, जिथे नाही टेकला तिथे जास्त. तिथल्या तिथे पडून राहून राहून लुगडं रुपयावर उमटलं. मी तोडक्यामोडक्या हिंदीत हे सांगितलं. बाईंनी ऐकून घेतलं, चष्मा काढला आणि म्हणाल्या, सांगतोस ते होऊ शकते, मी असं पाहिलेलं आहे. पण मला कपडा दाखव. आणि धुतलेला असेल तर आणू नको, धुतलेला काही बोलत नाही.

कपडा कुठे होता? तुमच्या सतरंजीवर, साक्षगंधाच्या ताटात. त्या भांडणात मी रुपया ओढला, आई उठली, आणि लुगड्याचा तो तुकडा तिथेच ताटात राहिला. एवढे महिने गेले. तुमच्या घरी तुझ्या आईच्या, कुंताबाईंच्या हाताखालून चिंधी न धुता जात नाही, हे तूच मला सांगितलं होतंस. मी मनातून तो कपडा सोडून दिला. रक्षाताईचा फोन आला तेव्हा तिच्यापाशी नुसतं रडगाणं गायलो, की बाई, सगळं होतं, एक फडकं राहिलं. तिनं ऐकलं आणि नुसतं "हूं" केलं.

आणि पोळा झाल्यावर एक पाकीट आलं. पाठवणाऱ्याच्या जागी रक्षाताईचं नाव होतं, पण अक्षर ताईचं नव्हतं. ताईचं अक्षर मला माहीत आहे, ती लिहिते तेव्हा ओळ डोंगर चढते. आत चिठ्ठी नव्हती. नुसता तो तुकडा. दामिनी, तो धुतलेला नव्हता. इस्त्री केलेला नव्हता. जुन्या घड्या होत्या तशाच, एकही मोडलेली नाही, गाठीचा पीळ अजून तसाच वळलेला, आणि एका घडीत धानाचं एक तूस अडकलेलं. वर्तमानपत्रात ठेवलेला, वर परत कागद, म्हणजे कोणाचा हात लागू नये. कोणीतरी तो त्या दिवशी ताटातून उचलला होता, मी बेनच्या दारात जाण्याच्या कितीतरी आधी, त्याचा काही उपयोग होईल हे कोणालाच ठाऊक नसताना. चिंचेची वाटी तिथे होती तेव्हा. त्या घरातल्या धुण्यापासून तो कोणीतरी लपवला होता. मी पाकीट हातात घेऊन कारखान्याच्या पायरीवर बसलो. पिंटू विचारून राहिला, "काय रे, कोणी मेलं का?" मी म्हटलं, नाही रे, उलटंच.

रुपया मी आईच्या नावानं प्रदर्शनात लावला. त्या दिवशी बेननं पांढरं कापड अंथरलं, त्यावर दिवा ओढला, रुपया ठेवला आणि बाजूला तुकडा. चिमट्यानं त्यांनी तुकडा जुन्या घडीवरच परत घडी केला आणि काठ राणीच्या गालाशी आणला. मोठ्या पडद्यावर सगळ्यांना दिसत होतं. एक दाता, त्याच्यासमोर एक दाता. एका जागी काठाचा एक धागा तुटलेला आहे, तू पाहिला असशील. राणीच्या हनुवटीखाली तिथेच एक दाता कमी. हॉलमध्ये कोणीतरी गुजरातीत "अरे वाह" म्हणालं, मग पुष्कळ जण म्हणाले. बेन माईकवर बोलल्या ते मी जसंच्या तसं लिहितो, "ये रंग किसी ने लगाया नहीं है. ये रंग घर में रहकर आया है." आणि मग आईचं नाव. मी खाली पाहिलं. दामिनी, माझा पाय हलत नव्हता.

त्यांनी त्या पडद्याचा फोटो नाणेवाल्यांच्या ग्रुपवर टाकला. त्या ग्रुपवर तुझे भैय्याजी मामा आहेत. दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांचा फोन. मी उचलला. तिकडून आवाज, "अबे धरम, तूच ना तो? हे वरठी म्हंजे आपलीच वरठी ना?" मग बराच वेळ नुसता खाकरण्याचा आवाज. मग म्हणाले, "त्या दिशी उजेड कमी होता." मी म्हटलं, मामाजी, भर दुपार होती. तर म्हणाले, "तेच तं, उजेड ज्यास्त होता." मग खरं दुखणं बाहेर निघालं. त्यांनी मागे नागपूरहून असाच मोरपंखी रुपया आणला होता, दिवाळीला उषामामींनी तो चिंचेनं घासला, रंग गेला, आणि त्यावरून मामांनी ठरवलं की व्यापाऱ्यानं शिजवलेला आपल्या गळ्यात मारला. तेव्हापासून रंगीत रुपया दिसला की त्यांचं डोकं फिरते. आता त्यांनी मला विचारलं, आवाज अगदी लहान पोरासारखा, "धरम, चिंचेनं खरा बी जाते का रे?" मी म्हटलं, जाते मामाजी. तेवढ्यात मागून मामींचा आवाज, "मले काय माईत! चांदी काळी पडली म्हून घासली! आता मायावर नोका ढकलू!" मला राग धरायचा होता, तयारी करून ठेवली होती मे महिन्यापासून, पण माणूस आपल्याच घरात आपल्याच चिंचेनं लुटलेला असला तर त्याच्यावर राग कसा धरावा? शेवटी ते म्हणाले, "तुया बापाले मी सोता जाऊन भेटतो. अन् गिरजाबाईचं नाव त्या बक्षिसाच्या कागदावर आलं त्याची फोटो मले पाठव, दुकानात लावतो."

आणि खरंच गेले. बाबा सांगत होते, मामा मोटारसायकलवर तुमसरहून वरठीला आले, ओसरीत बसले, आईच्या हातचा चहा दोनदा मागून घेतला आणि आईला वाकून नमस्कार केला. आई म्हणाली, "राहू द्या भाऊ, रुपया बोलला, आता तुमी बोलू नोका." मामांनी रुपया विकत मागितला, तोही तिथल्या तिथेच! बाबा म्हणाले, ज्या धानाखाली राह्यला त्याले विचारा. इथेही हॉलच्या दारात दोन शेठ माझ्या मागे लागले होते. मी म्हटलं, तो आमच्या घरच्या धानाचा आहे, विकायचा नसते.

तर आता सगळं ठरून गेलं आहे, तुझ्या कानावर आलंच असेल. मामा, बाबा, तुझे बाबा बसले, दिवाळीनंतरचा दिवस काढला, साक्षगंध परत मांडायचं, त्याच सतरंजीवर. सगळे खूश आहेत. मीच एकटा इथे बसून विचार करून राहिलो की या सगळ्यात कोणाकोणाला विचारून झालं. मामांना विचारलं, बेनला विचारलं, रुपयाला विचारलं, फडक्यालासुद्धा विचारलं. तुला कोणी विचारलं नाही. मे महिन्यात नाही आणि आताही नाही. तू कपडा पाठवलास म्हणजे तू हो म्हटलंस असं पिंटू म्हणते. मी म्हणतो, तिनं खऱ्याला खरं म्हटलं, त्याला लग्न म्हणायचं की नाही ते ती सांगेल. म्हणून हे पत्र. मी एकदम बदललो, आता एका जागी बसेन, असं शिजवून सांगत नाही, पाय उद्या परत हलेल. पण तो रंग एका ठिकाणी पडून राहिल्याशिवाय येत नाही हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे, आणि मला तो पाहिजे. मी दिवाळीच्या आधी भंडारा रोडला उतरेन आणि तिथून आधी अड्याळला येईन. बसच्या रस्त्यावरून तुमच्या अंगणातली वाळवणाची दोरी दिसते. या पाकिटात लुगड्याचा तुकडा परत पाठवतो, तुला नको असेल तर तो धुऊन त्या दोरीवर टाक. मी बसमधून खालीसुद्धा उतरणार नाही, आणि घरी सांगेन की मीच नाही म्हटलं, माझाच पाय टिकत नाही. सगळ्यांना लगेच पटेल, तुझ्यावर कोणाचा बोल येणार नाही. आणि पाहिजे असेल तर काही करू नको, आहे तसा राहू दे. या वेळी साक्षगंधाआधीची गाठही आईनं नाही, तूच मारायची, मी आईशी बोललो आहे, ती म्हणाली, "तिनंच राखला, तिलेच बांधू दे." रुपया माझ्या खिशात आहे, पण कपड्यावाचून तो अजूनही बेनच्या त्या शंकेच्या ट्रेमधलाच आहे, आणि मीही. पाकिटात नीट हात घाल, तूस पडेल. कपडा तुझ्या घड्यांवरच घातला आहे, आणि मी पण तो धुतलेला नाही.

दोरीकडे डोळे लावून येणारा,
तुझाच
धरम